मुंबईत विजेची ट्राम येणार म्हणून या माणसाने होकायंत्राची सुई खाडीपलीकडे अलिबागला नेली

थार घ्या, जिप्सी घ्या, नाहीतर गावाकडची जुनी कमांडर जीप घ्या. ऑफरोडिंगची हौस असलेल्या माणसाच्या गाडीत एक वस्तू बऱ्याचदा दिसते. डॅशबोर्डवर चिकटवलेलं, द्रवात तरंगणारं गोल होकायंत्र.

दिसायला एकदम भारी. पण बीड जिल्ह्यात आष्टी-पाटोद्याकडे बालाघाटाच्या डोंगरात गाडी कच्च्या रस्त्याला लागली, की त्याची खरी परीक्षा होते. मावळतीचा सूर्य समोर असतो आणि होकायंत्र नैऋत्य दाखवत असतं. गाडी वळवली की चूकही बदलते. मग शिव्या पडतात त्या दुकानदाराला.

खरं तर होकायंत्र खोटं बोलत नसतं. पृथ्वीचं चुंबकत्व, गाडीच्या पत्र्यातलं लोखंड, स्पीकरमधलं चुंबक आणि वायरिंगमधून धावणारी वीज, या सगळ्यांची जी बेरीज होते ती सुई इमानदारीत दाखवते. चूक असते ती सुई बसवण्याच्या जागेची.

सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत एका माणसासमोर हाच प्रश्न उभा राहिला होता. फक्त त्यांच्या सुईभोवती एक गाडी नव्हती, अख्खं शहर होतं. आणि पणाला लागली होती साठ वर्षांची मेहनत.

त्या माणसाचं नाव नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस.

जन्माच्या आधीच आलेलं वादळ

नानाभाईंचा जन्म २९ ऑक्टोबर १८५९ चा, एका पारशी घरातला. योगायोग असा, की त्याच्या दोनच महिने आधी पृथ्वीवर एक भयानक चुंबकीय वादळ येऊन गेलं होतं.

झालं असं, की १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा खगोलशास्त्रज्ञ सूर्यावरचे डाग बघत होता. अचानक त्याला तिथे लख्ख प्रकाश दिसला. त्यानंतर एका दिवसाच्या आत पृथ्वीवर गोंधळ उडाला. युरोप-अमेरिकेतल्या तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या. काही ठिकाणी तर बॅटरी काढून ठेवली तरी तारा जात होत्या.

त्या दिवशी मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेतली माणसं नेहमीसारखी आपापल्या कामावर होती. चुंबकसूचीचं माप डोळ्यांनी बघायचं आणि वहीत लिहायचं, हे ते काम. पृथ्वीचं आडवं चुंबकीय बल त्यांच्यासमोर धाडकन खाली गेलं. आजच्या मापात सांगायचं तर सुमारे १६०० नॅनोटेस्ला. मोठं म्हणावं असं वादळ सहसा काही शे नॅनोटेस्लांचं असतं, यावरून अंदाज घ्या.

जगातल्या कित्येक वेधशाळांची यंत्रं त्या दिवशी मापाच्या बाहेर गेली. कुलाब्याच्या वहीत मात्र आकडे उतरले. या वह्यांची किंमत काय, हे कळायला पुढे जवळपास दीडशे वर्षं जावी लागली. त्या तोवर टिकल्या आणि त्यांची साखळी तुटली नाही, यात मोठा वाटा पुढे नानाभाईंचा होता.

कुलाब्यात नेमकं काय चालायचं?

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभी केली. तेव्हा हेतू साधा होता. बंदरात येणाऱ्या जहाजांना बरोबर वेळ सांगायची आणि आकाशातले वेध घ्यायचे. भर समुद्रात आपण पूर्व-पश्चिम नेमके कुठे आहोत हे काढायला जहाजावर अचूक घड्याळ लागायचं. त्यामुळे बंदरातली वेळ ही चैनीची गोष्ट नव्हती.

पण जहाजाला घड्याळाइतकंच होकायंत्रही लागतं. आणि होकायंत्राची एक गोम आहे. सुई दाखवते ती चुंबकीय उत्तर. नकाशावरची खरी उत्तर वेगळी. या दोन्हींमधला कोन प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो आणि वर्षानुवर्षं हळूहळू बदलतही राहतो. तो मोजत राहिलं नाही तर जुन्या नकाशावर भरवसा ठेवणारं जहाज भलतीकडेच जायचं.

म्हणून १८४१ पासून एल्फिन्स्टनचे प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली कुलाब्यात चुंबकीय मोजमाप सुरू झालं. १८४६ पासून ते नियमित झालं. पावसाळा असो, १८५७ चा उठाव असो, साथी असोत, नोंदी चालू राहिल्या. पुढे डोळ्यांच्या जोडीला फोटोग्राफी आली. सुईला जोडलेल्या आरशावरून परतलेला प्रकाशाचा ठिपका फिरत्या कागदावर रेघ ओढायला लागला.

या कामाला शिस्त लावली चार्ल्स चेंबर्स या संचालकांनी. १८९६ मध्ये त्यांचं निधन झालं आणि जागा रिकामी झाली.

पहिला भारतीय संचालक

नानाभाईंनी पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, म्हणजे तेव्हाच्या कॉलेज ऑफ सायन्समधून एल.सी.ई. केलं होतं. एल.सी.ई. म्हणजे त्या काळची स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी. पुढे ते स्कॉटलंडला गेले आणि एडिंबरा विद्यापीठातून विज्ञानाची पदवी घेऊन आले. एडिंबराच्या रॉयल सोसायटीने नंतर त्यांना आपलं फेलोही केलं.

१८९६ मध्ये ते कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. वेधशाळा सुरू होऊन सत्तर वर्षं झाली होती आणि त्या खुर्चीवर पहिल्यांदाच एक भारतीय माणूस बसत होता.

वेळ काही चांगली नव्हती. त्याच वर्षी मुंबईत प्लेग शिरला आणि शहर ओस पडायला लागलं. तरीही वेधशाळेच्या नोंदी थांबल्या नाहीत. उलट नानाभाईंनी कामाचा पसारा वाढवला. १८९८ मध्ये कुलाब्यात मिल्न यांचं भूकंपमापक यंत्र बसलं. भारतात भूकंप यंत्राने नोंदवण्याची ही अगदी सुरुवातीची जागा होती.

सगळं मार्गी लागत होतं. तेवढ्यात विजेची ट्राम आली.

घोडा परवडला, वीज नाही

मुंबईत ट्राम १८७४ पासून होती. पण ती घोड्यांची. कुलाब्यापासून पायधुणीपर्यंत रुळांवरून घोडे डबे ओढायचे. वेधशाळेला त्याचा फारसा त्रास नव्हता. घोड्याला चुंबकत्व नसतं.

१९०० च्या सुमारास या ट्राम विजेवर चालवायचं ठरायला लागलं. शहरासाठी ही आनंदाची बातमी होती. गर्दी वाढत होती, घोडे थकत होते. विरोध करायचं कुणाला कारणच नव्हतं.

पण नानाभाईंना पुढचं दिसत होतं.

विजेच्या ट्रामचं गणित असं. वीज वरच्या तारेतून येते, मोटार फिरवते आणि रुळांतून परत जाते. पण रूळ जमिनीवरच टेकलेले असल्यामुळे सगळी वीज मुकाट्याने रुळांतून जात नाही. बरीचशी जमिनीत झिरपते आणि सापडेल त्या वाटेने पळते. ट्राम सुरू झाली, थांबली, चढाला लागली, की हा प्रवाह कमी-जास्त होतो. आणि जिथे प्रवाह तिथे चुंबकत्व.

मुंबईच्या भागात पृथ्वीचं आडवं चुंबकीय बल साधारण ३७-३८ हजार नॅनोटेस्ला असतं. त्यात रोज होणारा नैसर्गिक चढउतार काही दहा नॅनोटेस्लांचा. वेधशाळेला पकडायचे असतात ते हे बारीक बदल. शेजारून विजेची ट्राम गेली तर सूर्याने सुई हलवली की ट्रामने, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं.

हे फक्त मुंबईत घडत होतं असं नाही. कॅनडातल्या टोरंटोची चुंबकीय वेधशाळा याच कारणाने १८९८ मध्ये शहराबाहेर अ‍ॅजिनकोर्टला गेली. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेचं चुंबकीय कामही पुढे १९०८ मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ एस्कडेलम्यूरला हलवावं लागलं. वीज आली की सुईने गाशा गुंडाळायचा, असा तो काळ होता.

नानाभाईंसमोर दोन रस्ते होते. ट्रामला विरोध करत बसायचं, नाहीतर सुई उचलून दुसरीकडे न्यायची. त्यांनी दुसरा रस्ता धरला.

अलिबागच का?

जागा मुंबईपासून फार लांब असून चालणार नव्हती, कारण चुंबकत्व जागेप्रमाणे बदलतं आणि जुन्या नोंदींशी नव्या नोंदी जुळायला हव्या होत्या. फार जवळ असूनही चालणार नव्हती, कारण शहर वाढत जाणार होतं. शिवाय आसपास रेल्वे, गिरण्या, वीज काहीही नको.

मुंबईच्या दक्षिणेला साधारण ३० किलोमीटरवरचं अलिबाग या सगळ्यात बसलं. मध्ये समुद्र. तेव्हा ना रेल्वे ना कारखाना.

मग इमारतींचं काम निघालं आणि इथे नानाभाईंमधला इंजिनिअर कामाला आला. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. त्यात लोखंडाची चुंबकीय खनिजं असतात. सुई ठेवायच्या खोलीच्या भिंती त्या दगडाच्या बांधून कसं चालेल? म्हणून पोरबंदरचा वालुकाश्म मागवला. बिजागऱ्या, कड्या, खिळे असल्या बारीकसारीक गोष्टींनाही लोखंड वर्ज्य. तांबं आणि पितळ वापरलं. यंत्रांच्या खोलीत तापमान फार हलू नये अशी रचना केली, कारण उष्णतेने चुंबकाचा जोरही बदलतो.

१९०४ मध्ये अलिबागची चुंबकीय वेधशाळा सुरू झाली.

आता कुणाला वाटेल, नवीन जागा तयार झाली, जुनी बंद करा, विषय संपला. नानाभाईंनी तसं केलं नाही आणि त्यांचं मोठेपण याच गोष्टीत आहे.

१९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं त्यांनी कुलाबा आणि अलिबाग, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं. एकाच वेळी इथे किती आणि तिथे किती, हा फरक दोन वर्षांच्या नोंदींतून पक्का केला. त्यामुळे कुलाब्याची शेवटची नोंद आणि अलिबागची पहिली नोंद यांच्यात सांधा बसला. वजनकाटा बदलताना जुन्या आणि नव्या काट्यावर तोच माल तोलून बघावा, तसं हे होतं. हे केलं नसतं तर साठ वर्षांची वही तिथेच संपली असती आणि अलिबागला नवी कोरी वही उघडावी लागली असती.

१९०६ मध्ये कुलाब्यातलं चुंबकीय मोजमाप थांबलं. ७ मे १९०७ ला मुंबईत पहिली विजेची ट्राम धावली. लोक ट्राम बघायला रस्त्यावर आले तेव्हा सुई खाडीपलीकडे कधीच सुरक्षित पोचली होती.

साठ वर्षांचा हिशोब

सुई हलवून झाल्यावर नानाभाईंनी आणखी एक काम हातावेगळं केलं. कुलाब्यात १८४६ ते १९०५ या काळात जमा झालेल्या सगळ्या चुंबकीय नोंदी त्यांनी तपासल्या, लावल्या आणि त्यांचा अर्थ लावला. १९१० मध्ये हा हिशोब दोन भागांत छापून आला.

त्या काळात कॉम्प्युटर सोडाच, आजच्यासारखा इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटरही नव्हता. साठ वर्षांच्या आकड्यांची सरासरी काढायची म्हणजे माणसांनी हाताने बेरजा करायच्या. त्या ग्रंथात दिवसाच्या तासांप्रमाणे सुई कशी हलते, चंद्राचा परिणाम किती, ऋतूंचा किती, चुंबकीय वादळ आलं की काय होतं, हे सगळं मांडलेलं आहे. विषुववृत्ताच्या इतक्या जवळच्या भागातली एवढी लांब आणि सलग नोंद जगात दुर्मीळ होती. त्यामुळे पृथ्वीच्या चुंबकत्वावर काम करणाऱ्या जगभरच्या अभ्यासकांसाठी हा ग्रंथ आधाराचा झाला.

मग बीडच्या जीपमध्ये होकायंत्र बसवायचं कसं?

नानाभाईंचा धडा गाडीतही तसाच लागू पडतो. सुईला दोष देण्याआधी तिच्या शेजारी काय आहे ते बघायचं.

पहिलं काम जागेचं. डॅशबोर्डवर स्पीकर असेल, चुंबकाचा मोबाईल होल्डर असेल, वायरलेस सेट असेल तर होकायंत्र त्याच्या शेजारी नको. विंडस्क्रीनच्या मध्यावर, काचेला लागून, पत्र्यापासून शक्य तितकी लांब जागा बरी. पण वायपरची मोटार आणि तिची वायर कुठून जाते ते बघून घ्यायचं. चिकटवण्याआधी होकायंत्र हातात धरून दोन-चार जागी फिरवून बघायचं. सुई जिथे सगळ्यात कमी बिचकते ती जागा. स्क्रू मारायचेच असतील तर पितळेचे किंवा प्लॅस्टिकचे. अलिबागला शंभर वर्षांपूर्वी हेच केलं होतं.

दुसरं काम दुरुस्तीचं. नानाभाईंना सुई लांब नेता आली, गाडीत ती सोय नाही. म्हणून चांगल्या होकायंत्राला दोन बारीक स्क्रू दिलेले असतात. एक उत्तर-दक्षिण चुकीसाठी, दुसरा पूर्व-पश्चिम चुकीसाठी. ते फिरवले की आतली छोटी चुंबकं गाडीच्या चुंबकत्वाला उलट जोर लावतात.

त्यासाठी विजेच्या तारा, लोखंडी शेड, बोअरचे पाइप यांपासून लांब मोकळं रान गाठायचं. इंजिन चालू, कारण रस्त्यावर ते चालूच असणार. गाडी बरोबर उत्तरेला तोंड करून उभी करायची आणि पहिल्या स्क्रूने सुई उत्तरेवर आणायची. मग पूर्वेला तोंड, दुसऱ्या स्क्रूने पूर्व. मग दक्षिणेला तोंड करून जितकी चूक दिसेल त्यातली अर्धीच काढायची. पश्चिमेलाही अर्धीच. स्क्रू फिरवायचं हत्यार लोखंडी नको. शेवटी हेडलाइट, वायपर, पंखा एकेक चालू करून सुई हलते का ते बघायचं. जी चूक उरेल ती कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवायची. जहाजांवर हीच पद्धत आहे.

पण खरी उत्तर ओळखायची कशी? रात्री ध्रुवतारा आहेच. बीड साधारण १९ अक्षांशावर आहे, म्हणून तिथे ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण १९ अंश उंच दिसतो. हात लांब करून अंगठा आणि करंगळी फाकवली की जवळपास तेवढंच अंतर होतं. आणि बीडचं नशीब असं, की चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक सध्या एका अंशाच्याही आत आहे. गाडीसाठी तो धरायचीही गरज नाही.

एक धोका मात्र तिथल्या डोंगरांचा आहे. बालाघाटाचा दगड बेसाल्टच. काही ठिकाणी, विशेषतः वीज पडलेल्या माथ्यांवर, तो सुईला ओढतो. म्हणून एकाच जागी बघून भरवसा ठेवायचा नाही. शंका आली तर गाडीतून उतरून पंधरा-वीस पावलं लांब जायचं आणि हातातल्या होकायंत्रावर खात्री करायची.

वाळवंटात गाड्या घालणाऱ्यांनाही हा लोखंडाचा त्रास झालाच होता. राल्फ बॅगनॉल्ड हे ब्रिटिश लष्करी अधिकारी १९२० च्या दशकाच्या शेवटी फोर्ड गाड्या घेऊन इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात शिरले, तेव्हा त्यांनी सूर्य-होकायंत्र वापरलं. तबकडीच्या मधोमध उभी सुई आणि तिची सावली. सावलीला लोखंडाशी काही देणंघेणं नसतं. बीडमध्ये मात्र मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गडप होते. तेव्हा ही युक्तीही थकते.

मोबाईलमधली उत्तर कुठून येते?

आता कुणी म्हणेल, मोबाईल असताना एवढा खटाटोप कशाला?

तर मोबाईलमधलं होकायंत्रही चुंबकत्वच मोजतं. जीपीएस आपण कुठे आहोत ते सांगतं, पण उभ्या गाडीचं तोंड कुठे आहे ते सांगू शकत नाही. त्यासाठी मोबाईलमध्ये छोटा चुंबकीय सेन्सर असतो आणि तोही गाडीतल्या लोखंडाने फसतो. शिवाय चुंबकीय उत्तरेवरून खरी उत्तर काढायला त्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाचा नकाशा लागतो. हा नकाशा दर पाच वर्षांनी नवा करतात. त्याला उपग्रहांची आणि जमिनीवरच्या वेधशाळांची मापं लागतात. अशा वेधशाळांच्या जागतिक जाळ्यात आपलं अलिबागही आहे.

नानाभाई मूस १९३६ मध्ये वारले. मुंबईची शेवटची ट्राम १९६४ मध्ये बंद झाली. १९७१ मध्ये कुलाबा-अलिबाग वेधशाळांच्या वारशातून भारतीय भूचुंबकत्व संस्था उभी राहिली, तिचं मुख्यालय आज नवीन पनवेलला आहे. २००३ मध्ये या संस्थेच्या जी. एस. लखिना आणि एस. अ‍ॅलेक्स यांनी परदेशी शास्त्रज्ञांच्या जोडीने कुलाब्याच्या १८५९ च्या नोंदी पुन्हा तपासल्या. कॅरिंग्टनचं ते वादळ किती मोठं होतं, हे जगाला या नोंदींतून मोजता आलं. तसं वादळ आज आलं तर वीजपुरवठा आणि उपग्रहांचं काय होईल याचा विचार करताना शास्त्रज्ञ त्याच आकड्यांकडे बघतात.

ज्या ट्रामसाठी वेधशाळा हलवावी लागली ती आज नाही. अलिबागच्या किनाऱ्याजवळ त्या पोरबंदरी दगडाच्या भिंतींमागे मोजमाप मात्र १९०४ पासून अजून चालू आहे.